आधी लाटा, मग लक्ष

बायपोलर आणि एडीएचडी ही दोन निदानं एकाच माणसाच्या फाइलवर आली की घरच्यांना पहिली शंका येते ती डॉक्टरांबद्दलच. गेल्या वर्षी एक सांगितलं, यंदा दुसरं. मग खरं कोणतं? पुष्कळदा दोन्ही खरी असतात. २०२१ मध्ये जगभरातल्या अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून एक विश्लेषण मांडलं गेलं. त्यात बायपोलर असलेल्या दर ६ प्रौढांमागे जवळपास एकाला एडीएचडीही आढळला आणि एडीएचडी असलेल्या साधारण १३ प्रौढांमागे एकाला बायपोलर. म्हणजे ही जोडी दुर्मीळ नाही. सांभाळायला मात्र अवघड आहे. बायपोलरचा उपचार वर्षानुवर्षं नियमितपणा मागतो: गोळी वेळेवर, झोप वेळेवर, रक्ततपासणी वेळेवर. आणि एडीएचडी नेमका नियमितपणाच्याच मुळावर येतो. हे दोन आजार एकमेकांत कसे गुंततात आणि तरीही उपचाराची घडी कशी बसवता येते, ते क्रमाने पाहू.

बायपोलर हा मनाच्या लाटांचा आजार. मॅनियाची, म्हणजे मनाच्या अवाजवी उधाणाची, लाट म्हणायची तर ती किमान आठवडाभर टिकलेली असावी लागते. दाखल करण्याइतकी तीव्र असेल तर दिवस मोजत बसत नाहीत. त्याहून सौम्य हायपोमॅनिया किमान चार दिवसांचा आणि नैराश्याची लाट किमान दोन आठवड्यांची. लाट ओसरली की माणूस बऱ्याच अंशी आपल्या मूळ स्वभावावर येतो. एडीएचडीला अशा लाटा नसतात, तो त्या मूळ स्वभावातच मुरलेला असतो. लक्ष टिकत नाही, किल्ल्या-पाकिटं हरवतात, काम सुरू होतं पण पुरं होत नाही, समोरच्याचं बोलणं संपण्याआधीच उत्तर तोंडातून निघतं. आणि हे घरी, शाळेत, नोकरीवर सगळीकडे चालू असतं. निदानाच्या नियमांनुसार त्याच्या खुणा वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसलेल्या असायला हव्यात. म्हणून चांगला मनोविकारतज्ज्ञ 'काय होतं' याच्या जोडीला 'केव्हापासून होतं' हे खोदून खोदून विचारतो. अशा वेळी माळ्यावरची जुनी प्रगतिपुस्तकं फार कामाला येतात. 'हुशार आहे, पण वर्गात लक्ष नसते' हा शेरा तिसरीपासून नववीपर्यंत वेगवेगळ्या बाईंच्या अक्षरात दिसला, तर तो भेटीच्या वेळी दाखवावा. लहानपण पाहिलेली आई किंवा थोरली बहीण सोबत असली तर आणखी बरं.

गोंधळ होतो तो लक्षणं एकमेकांवर चढतात म्हणून. भरभर बोलणं, एका जागी न बसणं, विचार भरकटणं, हात सैल सोडून खर्च करणं हे मॅनियातही असतं आणि एडीएचडीतही. फरक झोपेत सगळ्यात स्पष्ट दिसतो. एडीएचडी असलेला माणूस रात्री दोनपर्यंत मोबाइल आणि अर्धवट कामं यांत जागतो, पण सकाळी त्याला उठवत नाही आणि दिवसभर तो पेंगतो. मॅनियात शिरणारा माणूस तीन तास झोपून पहाटे ताजातवाना उठतो आणि आपल्याला आता झोपेची गरजच नाही असं ठासून सांगतो. आपल्या हातून काहीतरी अलौकिक घडणार आहे ही अवाजवी खात्री, कारणाशिवाय आलेलं उधाण, हेही एडीएचडीचं लक्षण नाही. एडीएचडीतला राग किंवा आनंद बहुधा काही निमित्ताने येतो आणि तासाभरात विरतो. मॅनियातला जोर निमित्त संपलं तरी दिवसेंदिवस चढत जातो.

लाट चालू असताना एडीएचडीचं निदान पक्कं करू नये, हा इथला पहिला नियम. नैराश्यात कुणाचंच लक्ष लागत नाही. लाट ओसरल्यावरही काही काळ एकाग्रता आणि स्मरण मंद राहू शकतं, काही औषधांनी गुंगी येते, आणि बायपोलरवरच्या लिथियम या औषधामुळे थायरॉइड मंदावला तर तेवढ्यानेही माणूस सुस्त आणि विसराळू होतो. म्हणून मन स्थिर होऊ द्यायचं, थायरॉइड तपासायचा, झोप पुरेशी होते का ते पाहायचं, आणि मग बालपणापासूनची चौकशी पुन्हा करायची. उलट दिशेनेही चूक होते. मुलींमधला एडीएचडी बऱ्याचदा शांत, स्वतःत हरवलेला असतो. घरात 'धांदरट' आणि शाळेत 'आळशी' एवढीच त्याची नोंद होते. पुढे नैराश्य आलं की त्यावर नुसती नैराश्याची गोळी सुरू होते आणि आत दडलेला बायपोलर असेल तर ती गोळी त्याला मॅनियाकडे ढकलू शकते. घरात कुणाला असे झटके येऊन गेले असतील तर लाजेखातर ते डॉक्टरांपासून लपवू नका. आजोबांना एकदा ठाण्याच्या किंवा येरवड्याच्या मनोरुग्णालयात ठेवावं लागलं होतं, ही माहिती नातवाच्या उपचाराची दिशा बदलू शकते.

दोन्ही आजार सोबत असले की वाट अधिक खडतर असते. अमेरिकेत बायपोलरच्या एका मोठ्या अभ्यासातल्या पहिल्या १,००० रुग्णांची पाहणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतल्या ९.५ टक्क्यांना आयुष्यात कधी ना कधी एडीएचडी होता, आणि त्यांच्या मनाच्या लाटा साधारण चौदाव्या वर्षी सुरू झाल्या होत्या. बाकीच्यांच्या सुरू झाल्या त्या अठराव्या वर्षाच्या सुमारास. चौदाव्या वर्षी, म्हणजे आपल्याकडे आठवी-नववीत. दहावीचं दडपण, मोबाइल आणि वयात येणं या तीन स्पष्टीकरणांखाली खरा आजार कितीतरी वर्षं झाकला जातो.

आता उपचाराचा क्रम. आधी मनाच्या लाटा आवरायच्या, मग लक्षाकडे वळायचं. हा क्रम का, याचं उत्तर स्वीडनच्या आरोग्य नोंदींतून मिळतं. तिथे २००६ ते २०१४ या काळात मेथिलफेनिडेट हे एडीएचडीचं औषध सुरू झालेल्या, बायपोलर असलेल्या २,३०७ प्रौढांच्या नोंदी तपासल्या आणि निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. जे मूड स्टॅबिलायझर, म्हणजे मनाच्या लाटा आवरणारं औषध, घेत नव्हते, त्यांच्यात पहिल्या तीन महिन्यांत मॅनियाचं प्रमाण सहा पटींहून अधिक वाढलं. जे मूड स्टॅबिलायझर घेत होते, त्यांच्यात ते वाढलं नाही, उलट कमी दिसलं. एकच औषध, एकच आजार, पण खाली आधार आहे की नाही यावर सगळं ठरलं. म्हणून 'लक्ष लागत नाही, तेवढी गोळी द्या' असं म्हणत नव्या डॉक्टरांकडे जाणाऱ्याने आधीच्या लाटांची हकिगत सांगितली नाही, तर तो स्वतःला मोठ्या धोक्यात घालतो.

मूड स्टॅबिलायझरमध्ये लिथियमवर थोडं थांबायला हवं, कारण दोन आजारांचा पेच इथेच सर्वांत घट्ट बसतो. ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी १९४९ मध्ये त्याचा मॅनियावरचा परिणाम नोंदवला. इतकी नवी औषधं आली तरी लाटा रोखण्यात आणि आत्महत्येचा धोका कमी करण्यात त्याचं स्थान टिकून आहे. अडचण ही की गुणकारी प्रमाण आणि विषारी प्रमाण यांत अंतर थोडंच असतं. लाटा परतू नयेत म्हणून रक्तातली पातळी साधारण ०.६ ते ०.८ मिलिमोल प्रतिलिटर ठेवतात, कधी १.० पर्यंत नेतात, १.५ च्या वर गेली तर धोका सुरू होतो. ही पातळी शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी मोजायची असते. रात्री नऊला गोळी घेतली तर सकाळी नऊला रक्त द्यायचं आणि सकाळची गोळी असेल तर ती रक्त दिल्यावरच घ्यायची. शिवाय मात्रा बदलल्यावर पातळी स्थिर व्हायला पाच ते सात दिवस लागतात.

आता यात एडीएचडी कसा शिरतो पाहा. समजा, तपासणीच्या आधीच्या आठवड्यात दोन-तीन गोळ्या विसरल्या. लाजेने किंवा खरोखरच लक्षात न राहिल्याने ते सांगितलं नाही. पातळी कमी आली, म्हणून डॉक्टरांनी मात्रा वाढवली. त्यानंतर घरच्यांनी लक्ष घातलं आणि गोळ्या अगदी नियमित सुरू झाल्या. आता वाढीव मात्रा रोज पोटात जाते आणि पातळी गरजेपेक्षा वर चढते. कुणाचीच नियत वाईट नव्हती, तरी माणूस विषबाधेच्या उंबरठ्यावर आला. म्हणून लिथियमच्या तपासणीला जाताना एकच प्रामाणिक नोंद सोबत हवी: गेल्या सात दिवसांत किती गोळ्या चुकल्या. विसरलेली गोळी हा गुन्हा नाही आणि ती सांगितल्यावर रागावणारे डॉक्टर असतील तर तेही चुकत आहेत.

लिथियम मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतं आणि त्याचं वागणं मिठाशी जोडलेलं आहे. शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की मूत्रपिंडं मिठासोबत लिथियमही धरून ठेवतात आणि पातळी वाढते. जुलाब-उलट्या, विदर्भातला मे महिना, उन्हातलं काम, वारीची पायपीट, निर्जळी एकादशी, नवरात्रातले नऊ दिवसांचे कडक उपवास, रमजानचे रोजे, हे सगळे या दृष्टीने जोखमीचे दिवस. उपवास करायचाच असेल तर महिनाभर आधी डॉक्टरांशी बोलावं. पाणी आणि मीठ बंद करणारा उपवास टाळलेलाच बरा. रक्तदाब आहे म्हणून अचानक मीठ तोडणंही तितकंच घातक. आणि मेडिकलमधून सहज मिळणाऱ्या गोळ्या: आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामकांनी आणि रक्तदाबाच्या काही औषधांनी लिथियमची पातळी वाढते. अंगदुखी-तापाला पॅरासिटामॉल चालतं. हात ठळक थरथरू लागले, चाल झोकांडू लागली, बोलणं जड झालं, उलट्या-जुलाब सोबत गुंगी आली, तर पुढची गोळी न देता तडक रुग्णालय गाठावं. हाताचं बारीक कापणं मात्र लिथियमवर नेहमी दिसतं. ते पुढच्या भेटीत सांगितलं तरी चालतं. थायरॉइड, क्रिएटिनिन आणि कॅल्शियम यांच्या तपासण्या ठरावीक काळाने व्हायला हव्यात.

बाकीच्या औषधांबद्दल थोडक्यात. लॅमोट्रिजिन नैराश्याच्या लाटांवर चांगलं, पण ते आठवड्यांच्या अंतराने हळूहळू वाढवावं लागतं, नाहीतर अंगावर गंभीर पुरळ उठण्याचा धोका असतो. विसराळू माणसासाठी यातली मेख अशी: सलग पाचहून अधिक दिवस ते चुकलं, तर जिथे सोडलं तिथून सुरू करता येत नाही, डॉक्टरांना विचारून पुन्हा लहान मात्रेपासून यावं लागतं. व्हॅल्प्रोएट मॅनियावर प्रभावी आहे, पण गर्भात बाळावर त्याचे दुष्परिणाम इतके गंभीर आहेत की मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांना ते शक्यतो देऊ नये. तरुण मुलीच्या चिठ्ठीवर ते दिसलं तर पालकांनी किंवा तिने हा प्रश्न स्पष्ट विचारावा. मनाने बंद मात्र करू नये. क्वेटियापिन, ओलांझापिन यांच्यामुळे वजन आणि साखर वाढू शकते, त्यांवर नजर ठेवावी.

मन काही महिने स्थिर राहिलं आणि तरीही फाइली अडून राहतात, नोकऱ्या सुटतात, बिलं थकतात, तर मग एडीएचडीच्या औषधाचा विचार. मेथिलफेनिडेट भारतात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतं, त्यामुळे चिठ्ठीशिवाय ते मिळत नाही आणि प्रत्येक मेडिकलमध्ये ठेवलेलंही नसतं. त्याचा असर काही तासांत संपतो. बायपोलर असलेल्यासाठी ही सोयच आहे: काही बिघडतंय असं वाटलं तर औषध थांबवून परिणाम लवकर उतरतो. सुरुवात लहान मात्रेने, गोळी सकाळी, म्हणजे रात्रीची झोप बिघडत नाही. भूक, वजन, नाडी आणि रक्तदाब पाहत राहायचं. दुसरा पर्याय ॲटोमॉक्सेटिन. त्याची सवय लागत नाही, पण परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे जातात आणि तेही क्वचित मॅनिया चेतवू शकतं. फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन यांसारख्या गोळ्या सोबत असतील तर ॲटोमॉक्सेटिनची रक्तातली पातळी बरीच वाढते, म्हणून सगळ्या चिठ्ठ्या एकाच डॉक्टरांना दाखवाव्यात. औषध सुरू झाल्यावरचे पहिले तीन महिने घरात कुणीतरी डोळसपणे पाहणारं हवं. 'कामं पटापट होतायत' हा आनंद रास्त आहे. त्या पटापटीसोबत झोप कमी होऊ लागली तर तीच धोक्याची घंटा.

झोपेबद्दल मला आग्रहाने सांगायचंय, कारण आपल्याकडे जागरणाला मान आहे. गणपतीचे दहा दिवस, त्याआधीच्या ढोल-ताशाच्या तालमी, नवरात्रातली गरब्याची रात्र, कोजागिरी, लग्नघर, जागरण-गोंधळ. त्यात हिंजवडीतली अमेरिकेच्या वेळेनुसार चालणारी रात्रपाळी आणि मुलांकडे न्यू जर्सीला जाताना बदलणारं घड्याळ. बायपोलर असलेल्या माणसात झोप मोडणं हे मॅनियाचं लक्षण असतंच, शिवाय मॅनिया पेटवणारं कारणही असतं. एडीएचडी असलेल्या पुष्कळांचं शरीराचं घड्याळ मुळातच उशिरा चालतं, त्यांना लवकर झोप येतच नाही. म्हणजे एक आजार रात्र लांबवतो आणि दुसऱ्याला लांबलेली रात्र सोसत नाही. पिट्सबर्गच्या एलन फ्रँक यांनी बायपोलरसाठी विकसित केलेल्या उपचारपद्धतीचा गाभा हाच आहे: उठणं, पहिलं जेवण, कामाला लागणं, माणसांत मिसळणं आणि झोपणं यांच्या वेळा रोज शक्य तितक्या सारख्या ठेवायच्या. यात झोपायच्या वेळेपेक्षा उठायची वेळ आधी पक्की करावी. झोप हुकमाने येत नाही, पण उठवता येतं. रविवारीही तीच वेळ. गणपतीत आरतीला जावं, मिरवणुकीचा पहिला टप्पाही पाहावा आणि ठरल्या वेळी घरी परतावं. मित्रांना कारण सांगायचं नसेल तर 'डॉक्टरांनी रात्री औषध दिलंय' एवढं पुरतं.

गोळ्यांची व्यवस्था स्मरणशक्तीवर सोडू नये. मोबाइलचा अलार्म हे पहिलं सुचणारं उत्तर, पण एडीएचडीत ते लवकर निकामी होतं: अलार्म बंद केला की गोळी घेतल्यासारखंच वाटतं. त्यापेक्षा सात कप्प्यांची डबी घ्यावी, ती रविवारी दुसऱ्या कुणीतरी भरावी आणि जिथे रोज हात जातोच, तिथे, म्हणजे दात घासायच्या ब्रशाशेजारी ठेवावी. घरात लहान मुलं असतील तर डबी त्यांच्या हाताबाहेर असावी. 'घेतली की नाही?' या प्रश्नाचं उत्तर रिकामा कप्पा देतो, आणि त्यामुळे संशयाने दोनदा घेण्याचा धोका टळतो. चुकलेली गोळी भरून काढण्यासाठी पुढच्या वेळी दुप्पट घ्यायची नसते. आठवडाभराचा साठा नेहमी जास्तीचा असावा. शेवटची पट्टी संपल्याचं लक्षात येतं ते बहुधा रात्री अकराला किंवा पाडव्याच्या दिवशी, आणि लिथियम अचानक बंद पडलं तर मॅनिया वेगाने परतू शकतो.

मनाची नोंदही अशीच सोपी हवी. डॉक्टर कधीकधी लांबलचक तक्ता देतात. एडीएचडी असलेला माणूस तो चार दिवस भरतो आणि मग तक्ताच हरवतो. मला स्वयंपाकघरातलं कालनिर्णय यासाठी सर्वांत उत्तम वाटतं. दूध आणि गॅस सिलिंडर ज्या चौकटीत लिहिला जातो, तिथेच दोन आकडे: किती तास झोप झाली आणि मन उणे तीन ते अधिक तीन यांपैकी कुठे होतं. गोळी घेतली की एक टिंब. आल्यागेल्याला काही कळत नाही आणि पुढच्या भेटीला त्या पानाचा फोटो पुरतो. झोपेचे आकडे सात, साडेसहा, पाच, चार असे उतरताना दिसले की लाट येण्याच्या कितीतरी आधी ती कागदावर दिसते.

पैशाचं वेगळं सांगायला हवं, कारण इथे दोन्ही आजार एकाच खिशात हात घालतात. एडीएचडीतली खरेदी छोटी, वारंवार आणि पश्चात्तापाची. मॅनियातली मोठी, अभिमानाची आणि कर्जाची. मन स्थिर असताना यूपीआयची रोजची मर्यादा कमी करून घ्यावी, क्रेडिट कार्ड शक्यतो ठेवू नये, बचतीचं खातं जोडीदारासोबत दोघांच्या सहीचं करावं. ठरावीक रकमेच्या वरचा कोणताही निर्णय, नोकरी सोडणं, गाडी बुक करणं, दुकान टाकणं, हा दोन रात्री नीट झोपून आणि दोन विश्वासू माणसांना विचारूनच घ्यायचा, असं आधीच लिहून ठेवावं. लाट आल्यावर हे नियम करता येत नाहीत.

घरच्यांनी बोलायचं कसं, हाही उपचाराचाच भाग. 'तुला परत वेड लागतंय' या वाक्याने माणूस दार लावून घेतो. 'दादा, तीन दिवस चार-चार तासच झोपतोयस, आपण फोन करू या का?' हे त्याला ऐकता येतं, कारण त्यात आरोप नाही, आकडा आहे. कोणती चिन्हं दिसली की डॉक्टरांना फोन करायचा आणि तो कुणी करायचा, हे त्याच्याशीच बोलून आधी ठरवावं. प्रत्येकाची चिन्हं वेगळी असतात: कुणी अचानक जुन्या मित्रांना मध्यरात्री फोन करू लागतो, कुणी घरभर सामान हलवतो. जगण्यात अर्थ नाही, मी गेलो तर बरं, असं काही तोंडून निघालं तर वाट पाहू नये, एकटं सोडू नये, औषधांचा साठा ताब्यात घ्यावा आणि लगेच मदत घ्यावी. टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत आणि गोव्यात बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत बाह्यरुग्ण विभाग आहेत. तिथे दाखवायला जाणं म्हणजे दाखल होणं नव्हे.

एक कागद मात्र मन स्थिर असतानाच करून ठेवावा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने प्रत्येक प्रौढाला आगाऊ निर्देश देण्याचा हक्क दिला आहे: निर्णय घेण्याची क्षमता गेली तर आपल्यावर कसा उपचार व्हावा, कसा होऊ नये, हे आधी लिहून ठेवता येतं. तो निर्देश लागू होतो तो क्षमता गेलेल्या काळापुरताच, आणि तातडीच्या उपचारांना त्याची आडकाठी होत नाही. आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधीही नेमता येतो, साध्या कागदावर लिहून आणि सही करून. हा प्रतिनिधी नातेवाईकच असला पाहिजे असं नाही. शेजारच्या काकू किंवा कॉलेजपासूनचा मित्रही चालतो, त्याची तयारी असली म्हणजे झालं. त्या कागदासोबत चालू औषधांची यादी, कोणत्या औषधाने पूर्वी त्रास झाला त्याची नोंद आणि शेवटचे लिथियमचे रिपोर्ट जोडावेत. एक प्रत मनोविकारतज्ज्ञांच्या फाइलमध्ये, एक प्रतिनिधीकडे, आणि एक फोटो घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाइलमध्ये ठेवावा.